काही कमी नाही

“भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही हं,” ती काउंटरपलीकडच्या गृहस्थांना सांगत होती. “जीभ, गाल, काहीही चावलं जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही.”

“म्हणजे उपाशीच मारताय की मला!” ते अर्ध्या तोंडाने हसले. उरलेलं अर्धं तोंड अजून बधिर होतं.

तीही हसली. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या बाईने हसायचं असतं, त्याचाच तर पगार. सकाळपासून तिच्या पोटात कोऱ्या चहाशिवाय काही गेलं नव्हतं, आणि हा माणूस घटकाभर जेवायचं नाही म्हणून कुरकुरत होता. त्याच्या त्या बधिर गालावर एक ठेवून द्यावी असं तिच्या मनात येऊन गेलं. हल्ली असं वरचेवर यायचं. तशी ती तापट बाई नव्हती. पण रिकाम्या पोटी राग कसा पटकन पेटतो, हे तिला या काही महिन्यांत कळलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

“शाळेतून बोलतेय. मोठ्या बाईंनी बोलावलंय तुम्हाला. आत्ता लगेच.”

“काय झालं? पडली का कोण? थोरली की धाकटी?”

“थोरली. पडलीबिडली नाही. फोनवर सांगण्यासारखं नाहीये. या तुम्ही.”

डॉक्टरीणबाईंनी मास्क न काढताच मान हलवली. “जा, पण दुपारच्या पेशंटच्या आत परत या. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं.” मागच्या महिन्यात ती चक्कर येऊन जिन्यात बसली होती. ते तिने रक्तदाबावर ढकललं होतं.

ती पर्स उचलत असताना पेशंटच्या खुर्चीपाशी मदतीला असणारी मुलगी म्हणाली, “ताई, दोन घास खाऊन तरी जा. माझा डबा आहे.”

“अगं, भरपेट खाऊन आलेय,” ती म्हणाली. विचार करण्याआधीच तोंडातून निघून गेलं.

शाळा तशी जवळच होती. त्या वसाहतीत सगळंच जवळ होतं. शहराच्या कडेला नव्याने उठलेल्या एकसारख्या इमारती, एकसारखी फाटकं, प्रत्येक फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन, आणि रस्त्याच्या कडेने काठ्यांना बांधलेली झाडं. ती अजून आपल्या बळावर उभी राहायची होती. इथे घर घेतलं तेव्हा नवरा फ्रिजचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होता. इमारतीत सगळे त्याला ‘फोरमनसाहेब’च म्हणत. मग मालकांनी यंत्रं उचलून दुसऱ्या कुठल्या तरी स्वस्त मुलखात नेली. कारखाना गेला, हुद्दा मात्र राहिला. अजूनही लिफ्टमध्ये कोणी “काय फोरमनसाहेब, बरंय ना?” म्हणालं की तो ताठ होऊन “एकदम!” म्हणे.

रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो बाहेर पडायचा. नोकरी शोधायला. त्याच्या वयाचा माणूस कोणालाच नको होता. संध्याकाळी तोच शर्ट घालून परत यायचा.

तिच्या पगारात घराचा हप्ता आणि वीज निघे. उरलेल्यात जेवण. म्हणजे निघेल तितकं. घरातला फ्रिज उघडला की दिवा लागे, आणि त्या दिव्याखेरीज आत बघण्यासारखं काही नसे. आणि तरी घरात भूक हा शब्द कोणी काढत नसे. त्याऐवजी प्रत्येकाचं एक एक वाक्य ठरून गेलं होतं. फोरमन म्हणे, “बाहेर एकाने आग्रहाने खायला घातलं.” ती म्हणे, “दवाखान्यात झालं माझं.” थोरली ताटातला भात धाकटीकडे सरकवून म्हणे, “मला जाड नाही व्हायचं.” वाक्य नव्हतं ते फक्त धाकटीपाशी. ती सरळ विचारायची, “अजून आहे?” आणि मग सगळेजण एकदम दुसरं काही तरी बोलायला लागायचे.

त्यातही तिला सगळ्यात लागलं होतं ते कुकरचं. एका संध्याकाळी समोरच्या दारातून मस्त फोडणीचा वास येत होता. फोरमन खिडकी लावून आला आणि हळूच म्हणाला, “कुकर लाव ना.”

“कशाचा? डाळ तर उद्याला ठेवलीय.”

“नुसतं पाणी घाल. एखादी शिट्टी होऊ दे. समोर ऐकू जातं सगळं. त्यांना वाटायला नको...”

तिने लावला. नुसत्या पाण्याचा कुकर. शिट्टी झाली तेव्हा धाकटी आतून धावत आली होती, “काय केलंय? काय केलंय?” करत. त्या क्षणी तिला ते झाकण उचलून नवऱ्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं होतं. तिने गॅस बंद केला आणि पोरीला सांगितलं, “भांडं साफ करायला ठेवलं होतं गं.”

मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर भिंतीवर ‘समतोल आहार’ असा तक्ता लावला होता. रंगीत फळं, अंडी, दुधाचा पेला. सुंदर चित्रं. खाली थोरलीचं नाव आणि पहिला नंबर. ती क्षणभर थबकली. हे बक्षीस मिळाल्याचं पोरगी घरी बोललीच नव्हती.

आत मोठ्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. बाजूच्या खुर्चीवर समोरची वहिनी. हो, त्यांच्याच मजल्यावरची, दारासमोर दार असलेली. आणि भिंतीला चिकटून थोरली. टेबलाच्या मधोमध एक स्टीलचा डबा, झाकण उघडलेला, चाटूनपुसून लख्ख.

“बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “बरेच दिवस वर्गातले डबे रिकामे होत होते. मधल्या सुट्टीच्या आधीच. मुलं एकमेकांवर संशय घ्यायला लागली होती. आज खेळाच्या तासाला तुमची मुलगी वर्गात एकटी सापडली. यांच्या मुलीचा डबा हातात होता.”

“मला खरंच तक्रार करायची नव्हती हो,” समोरची वहिनी म्हणाली. “आपण शेजारी. तिला हवं असतं तर ती घरी येऊन मागू शकली असती, मी काय नाही म्हटलं असतं? पण असं चोरून...” तिने ‘चोरून’ हा शब्द अगदी हळू, औषध पाजावं तसा उच्चारला.

मोठ्या बाई पुढे झुकल्या. आवाज जरा मऊ झाला. “मी सरळच विचारते. घरी काही अडचण आहे का?”

झालं. दार उघडलं होतं. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. तिला नंतर कितीदा तरी तो क्षण आठवला. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरली तिच्याकडेच बघत होती, डोळ्यांची पापणी न लवता. आणि मग तिने समोरच्या वहिनीकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या मागे, दाराच्या फटीतून डोकवावं तशी, उत्सुकता. आज संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिन्याला कळेल. फोरमन लिफ्टमध्ये काय म्हणेल?

“अडचण? छे!” ती म्हणाली. दवाखान्यात हसायची तसंच हसली. “घरात सगळं आहे हो. काही कमी नाही. मलाच कळत नाहीये हिने असं का केलं ते.”

थोरलीने मान खाली घातली.

“हं,” मोठ्या बाई मागे टेकल्या. मऊपणा गेला. “मग तर हे जास्तच गंभीर आहे. गरज असती तर एक वेळ समजू शकलो असतो. गरज नसताना करणं म्हणजे वृत्तीचा प्रश्न झाला.” मग त्यांनी शिक्षा सांगितली. उद्या सकाळी सगळ्या वर्गांसमोर माफी मागायची. आणि पुढचा महिनाभर डबा वर्गात नाही, इथे ऑफिसबाहेर बाकावर बसून खायचा. “आपलाच,” त्या म्हणाल्या.

“चालेल,” ती म्हणाली. चालेल म्हणाली!

बाहेर पडल्यावर दोघी मैदानाच्या कुंपणाकडेने चालत राहिल्या. थोरली दोन पावलं पुढे. आता ती जवळजवळ आईच्या उंचीची झाली होती, आणि गणवेशाचा पट्टा तिने मागे दुमडून पिनेने आवळला होता.

“का केलंस?” तिने विचारलं.

“तुला माहितीये का ते.”

“उलट बोलू नकोस! सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावलीस मला. चोरी करतेस? माझी मुलगी?”

तिचा हात वर गेला. थोरली वळली, पण मागे सरली नाही.

“मार. मार ना. पण मग नीट सांग कशाबद्दल मारतेस. भूक लागली म्हणून मारतेस, असं सांग.”

हात तसाच राहिला. कुंपणापलीकडे लहान मुलं चेंडूमागे धावत होती. थोरलीचा आवाज फुटत होता, तरी ती बोलायची थांबत नव्हती. “मी कुठे खायचे माहितीये? बाथरूममध्ये. कडी लावून, उभ्याने. चावायचेपण नाही नीट. एकदा सगळं उलटून पडलं तर मला त्याचंच रडू आलं, की वाया गेलं. आणि दर वेळी ठरवायचे, यातला अर्धा भाग धाकटीला न्यायचा. शप्पथ, दर वेळी. आणि मग बघते तर डबा रिकामाच.” ती ओठ चावत राहिली. “एकदासुद्धा नाही नेलं, आई. एक घाससुद्धा नाही.”

चोरीबद्दल ती रडत नव्हती, याबद्दल रडत होती.

हात खाली आला. ती कुंपणाच्या बुटक्या कठड्यावर बसली.

“तू म्हणालीस काही कमी नाही,” थोरली नाक पुसत म्हणाली. “मग मी कोण झाले? सांग ना. घरात सगळं असून लोकांचं खाणारी मुलगी कोण असते?”

ती दवाखान्यात परत गेली नाही. फोनही केला नाही.

फोरमन संध्याकाळी आला, चपला काढून नीट ओळीत ठेवल्या. तिने सगळं सांगितलं. एका दमात, मधे न थांबता. ते ऐकून तो म्हणाला, “कोणाकोणाला कळलं?”

एवढंच. पोरीने काय खाल्लं, कशी आहे, कुठे आहे, काही नाही. कोणाकोणाला कळलं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि एकेक कपाट उघडायला लागली. ती कपाटं त्याने हौसेने करून घेतली होती. चकचकीत, हव्या त्या उंचीची, आतून बिजागऱ्या अशा की दार हळूच, आवाज न करता आपोआप मिटावं. तिने पहिलं दार उघडून दाणकन आपटलं. ते शेवटच्या विताशी थांबलं आणि हलकेच, अदबीने बंद झालं. तिने दुसरं आपटलं. तेही तसंच. तिसरं. एकालाही आपटता येईना. “बघा! आपल्या घरात दारसुद्धा आपटता येत नाही! शेजाऱ्यांना ऐकू जाईल ना! सगळी सोय करून ठेवलीय!”

“हळू बोल,” फोरमन खिडकीकडे धावला.

“नाही बोलणार हळू! उघडी ठेवा ती. ऐकू दे समोरच्या बाईला. रिकामं आहे म्हणावं, हेही रिकामं, तेही रिकामं. शिट्टी पाण्याची होती म्हणावं!”

“अगं, माझी काही इज्जत—”

“तिचंच तर चाललंय इतके दिवस! तुमची इज्जत आम्ही तिघी पोटाला चिमटा काढून पोसतोय. पोर बाथरूममध्ये जेवते, कळतंय का तुम्हाला? बाथरूममध्ये!”

त्याने खिडकीची कडी सोडली. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला, इस्त्रीच्या शर्टासकट, फरशीवर. पट्ट्याला त्याने खिळ्याने पाडलेलं नवं भोक तिला तेव्हा दिसलं. बाहेर त्याला आग्रहाने खायला घालणारं कोणी नव्हतं. कधीच नव्हतं. ते तिला ठाऊक होतं, जसं त्याला तिच्या दवाखान्यातल्या जेवणाचं ठाऊक असणार.

“चौकातल्या हॉलमध्ये धान्य देतात शनिवारी,” ती जरा वेळाने म्हणाली. “मी कधीची म्हणतेय. मी जाणार.”

“तिथे माझ्या हाताखालची माणसं उभी असतात.”

“मग बरंच आहे. ओळखीची असतील.”

“तू गेलीस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“नका दाखवू,” ती म्हणाली. त्याची दया येत होती, आणि तरी रागाचा काटा खाली उतरत नव्हता. दोन्ही एकाच वेळी पोटात राहू शकतं हे तिला नवीनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती थोरलीबरोबर शाळेत गेली. पटांगणात सगळे वर्ग रांगेने उभे होते. मोठ्या बाईंनी ध्वनिक्षेपकावर शिस्तीबद्दल दोन शब्द सांगितले आणि थोरलीला पुढे बोलावलं. पोरगी निघाली. तिच्याबरोबर तिची आईही निघाली, आणि पायऱ्या चढून सरळ व्यासपीठावर गेली.

“पालकांनी तिकडे थांबायचंय,” मोठ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“माझी मुलगी माफी मागणार नाही,” ती म्हणाली. ध्वनिक्षेपक जवळच होता. तिला वाटलं त्यापेक्षा आवाज लांब गेला. “मी काल तुमच्यासमोर खोटं बोलले. आमच्या घरात खायला पुरेसं नसतं. कधी कधी नसतंच. तिला भूक लागली होती, तिने खाल्लं. तिने करायला नको होतं, तिला ते कळतं. पण जी बाई खोटं बोलली ती मी आहे. माफी मागायची तर मी मागते.”

रांगांत कोणीतरी खोकलं.

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी घाईने ध्वनिक्षेपकाचं बटण बंद केलं. “अहो, हे काल सांगायचं ना! चला, ऑफिसमध्ये बसून बोलू. असं मुलांसमोर बरं दिसत नाही.”

“चोर म्हणायला मुलांसमोर चालणार होतं,” ती म्हणाली. “उपाशी म्हणायला ऑफिस लागतं होय?”

ऑफिसमध्ये मोठ्या बाई फारच गोड झाल्या. पाणी मागवलं. शिक्षा अर्थातच रद्द म्हणाल्या. आणि मग त्यांना कल्पना सुचली. शाळेच्या दारात एक पेटी ठेवू, आपल्या या गुणी मुलीसाठी म्हणून, पालक सढळ हाताने टाकतील. थोरलीचा रंग उडालेला तिने पाहिला.

“तिच्या नावाने काही ठेवलंत तर मी ते उचलून रस्त्यात फेकीन,” ती म्हणाली. “ठेवायचं तर जेवण ठेवा. सगळ्यांना. जो घेईल तो घेईल, कोणी नाव विचारायचं नाही.”

“तसं सोपं नसतं हो ते,” मोठ्या बाई म्हणाल्या. ते तिथेच राहिलं.

तिला वाटलं होतं, थोरली आता बिलगेल, निदान हात तरी धरेल. पण फाटकापाशी निरोप घेताना पोरगी म्हणाली, “चोर होते तेच बरं होतं.”

“काय बोलतेस?”

“चोराला मुलं घाबरतात तरी. आता सगळ्या मला डबा देतील. मधल्या सुट्टीत येतील, झाकणात काढून देतील आणि मी खाते का ते बघत उभ्या राहतील.” ती पाठ फिरवून वर्गाकडे गेली.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तेच होतं, झाकणात काढून दिलेला घास. डॉक्टरीणबाई कालच्या गैरहजेरीबद्दल बरंच बोलल्या. तिने ऐकून घेतलं. आणि दुपारी मदतनीस मुलीने नेहमीप्रमाणे डबा पुढे केला तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, “आण. भूक लागलीय.” मुलगी आनंदली, डबा तिच्यापुढे सरकवला आणि आपण खिडकीबाहेर बघत बसली. तेवढ्यापुरतं तिला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं.

शनिवारी थोरली न बोलावता तिच्याबरोबर निघाली. फोरमन धाकटीला मांडीवर घेऊन वर्तमानपत्र वाचत होता, किंवा वर्तमानपत्र धरून बसला होता. त्याने डोकं वर केलं नाही.

हॉलच्या बाहेर रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिला वाटलं होतं फाटके कपडे दिसतील. तिथे तर तिच्यासारख्याच बायका होत्या. बऱ्या कपड्यांतल्या, केस नीट बांधलेल्या. एकीने ढगाळ हवेतही काळा चष्मा घातला होता. ही त्यांच्याच वसाहतीतली, पलीकडच्या इमारतीतली. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी मान फिरवली. ती इथे आहे म्हणजे तिच्या घरातही कसलं तरी वाक्य ठरलेलं असणार.

“वहिनी? फोरमनसाहेबांच्या ना तुम्ही?”

पुढचा माणूस मागे वळला होता. दारांना बिजागऱ्या बसवायचा तो, म्हणून कारखान्यात त्याचं नावच ‘बिजागरी’ पडलं होतं. पूर्वी घरी येऊन चहा पिऊन गेला होता. बराच वाळला होता, हसणं मात्र तेच.

“साहेब नाही आले?”

“नाही.”

“येतील. मीपण आधी बायकोलाच पाठवत होतो. लाज काय ती आम्हालाच असते, बायकांना नसते, असं आम्ही आपलं ठरवून टाकतो.” तो थोरलीकडे बघून हसला. “केवढी झाली हो ही!”

टेबलापाशी गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई पिशव्या देत होती आणि दुसरी फोटो काढत होती. पिशवी हातात धरायची, मागच्या कापडी फलकाकडे पाठ करायची, कॅमेऱ्याकडे बघायचं.

“इकडे बघा ताई. मुलीलाही घ्या जवळ. छान येईल.”

“फोटो नको,” ती म्हणाली.

“सगळ्यांचाच काढतो. देणगीदारांना पाठवावा लागतो ना.”

“त्यांना माल पोचला का ते बघायचंय ना? मग पिशवीचा काढा. माझं तोंड कशाला हवंय? ते काही देणगीत आलेलं नाही.”

“अहो, नियम आहे. फोटोशिवाय नाही देता येत.”

“अहो बाई, काढू द्या ना,” मागून आवाज आला. “आम्हाला उशीर होतोय.” “आम्ही काय वेड्या म्हणून काढून घेतला?” रांग चुळबुळायला लागली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. राग फोटोवालीचा, मागच्या बायकांचा, तिथे हसऱ्या चेहऱ्याने फलकावर छापलेल्या कोणा दात्याचा. पण ती हलली नाही. पिशवीही घेतली नाही. थोरली तिला चिकटून उभी होती, आणि तिने आईचा दंड घट्ट धरला होता.

“माझे दोन काढा!” बिजागरी पुढे घुसला. “एक माझा, एक यांच्या पिशवीसकट माझा. तोंड एकच असलं म्हणून काय झालं? देणगीदार काय मोजून बघतोय होय?” त्याने केसांवरून हात फिरवून नवरदेवासारखी छाती काढली. रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. काळ्या चष्म्याची बाईसुद्धा हसली. ओळखपत्रवाली वैतागून म्हणाली, “घ्या हो, घ्या. जा तुम्ही,” आणि पिशवी तिच्याकडे ढकलली.

तिने वळून बिजागरीला काही म्हणावं म्हटलं. तो कॅमेऱ्याकडे दात काढून उभा होता, पण जवळून त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. ती नुसती मान हलवून निघाली.

पिशवी जड होती. एक बंद तिने धरला, एक थोरलीने. मागच्या गल्लीने गेलं तर कोणी दिसलं नसतं. ती त्या बाजूला वळली, तर थोरलीने बंद ओढला. “इकडून,” ती म्हणाली आणि मोठ्या रस्त्याला लागली.

बसथांब्याशी आल्यावर हात भरून आले म्हणून दोघी बाकावर टेकल्या. रहदारी चालू होती. इस्त्रीवाला, शिकवणीला निघालेली मुलं, फाटकाबाहेर पडणाऱ्या गाड्या. थोरलीने पिशवीत हात घालून ब्रेड काढला. तिला वाटलं, घरी जाऊन खा म्हणावं. पण म्हणाली नाही. थोरलीने वेष्टन फाडलं, एक तुकडा आईच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि बाकीच्याचं तोंड पिळून, धाकटीसाठी आणि बापासाठी, पुन्हा पिशवीत ठेवलं.

एक बस येऊन थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीतल्या माणसांनी पाहिलं. आईने मान हलवून नाही सांगितलं. दार बंद झालं, बस निघून गेली. थोरली हळूहळू चावत होती, मांडीवर सांडलेला चुरा बोटाने टिपत होती.